पटवाऱ्याचं रजिस्टर आणि कादंबरीतली बहीण

मी वर्धा जिल्ह्यात तलाठी आहे. आता कागदावर ग्राम महसूल अधिकारी म्हणतात पण गावात आम्ही आजही पटवारीच. कादंबरी लिहायची हे तीन वर्षांपासून डोक्यात आहे, आणि पूर्ण आखणी झाल्याशिवाय पहिलं वाक्य लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण आधी एकदा जोशात सुरू केली ती साठ पानांवर थांबली ती थांबलीच.

म्हणून यावेळी रजिस्टर घातलं. एका शेतकरी घराच्या तीन पिढ्या, १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखापासून, म्हणजे जमीन कोणाची याच्या जुन्या सरकारी नोंदीपासून, २०१७ च्या गुलाबी बोंडअळीपर्यंत. डावीकडे साल, पुढे प्रत्येकाचा कॉलम आणि त्यात त्या सालचं वय. ज्यांना लिहायचंय त्यांनी हा वयाचा तक्ता आधी कराच. माझा मधला मुलगा १९७२ च्या दुष्काळात जन्मलेला आणि १९८६ ला मी त्याचं लग्न लावून मोकळा, तक्त्यामुळे सापडलं. शेतीचं कॅलेंडरपण घातलं, मृगात पेरणी, कापसाच्या पहिल्या वेच्याला सीतादहीची पूजा, लग्नं उन्हाळ्यात. सव्वीस प्रकरणं बसली. मला वाटलं झालं.

मे महिन्यात तीन भाऊ वारस नोंदीसाठी आले. वडील वारलेले, मृत्यूचा दाखला जोडलेला, अर्जात वारस चार, आई आणि तिघं. बहीण नाही का म्हणून विचारलं तर मोठा म्हणे, "हाय ना साहेब, पन तिचं लगन झालं, तिले काय कराचं वावर?" मी सांगितलं की १९५६ च्या वारसा कायद्यापासून मुलगी बापाची वारस आहे, लग्न झालं असो की नसो, नाव टाकावंच लागेल, तिला तिचा हिस्सा सोडायचाच असेल तर नंतर दुय्यम निबंधकाकडे हक्कसोड रजिस्टर करा.

बहीण तेरवीसाठी आलेलीच होती, दुपारी तिला घेऊन आले. पंचावन्नच्या आसपासची बाई. भाऊ म्हणे लिहून देते ती. बाई खुर्चीवर बसली नाही, उभ्यानंच म्हणाली, "जुना सातबारा दाखवा." दाखवला. आजोबाचं नाव कंसात, बाजूला फेरफार नंबर, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीचा नंबर. मी समजावलं, माणूस गेला की नाव असं कंसात जाते. तिनं त्या कंसावर बोट ठेवलं.

"मंजे बाबा आता कंसात जाईन?"

"हो."

"आन् माह्य नाव?"

"ते अजून यायचंच आहे."

"मंग आंधी लिवा. लिवलंच नाई त सोडू काय? सोडाचं का नाई थे मंग पायतो मी."

ऑफिसात कोणीच बोललं नाही. लहान भाऊ बाहेर निघून गेला. थोड्या वेळानं मोठाच म्हणाला, लिहा साहेब. मी पाच नावं लिहिली, पुढे फेरफार, नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, सगळं नेहमीसारखं, पण माझा हात त्या दिवशी जरा हळू चालत होता हे खरं.

रात्री रजिस्टर उघडलं. माझ्या कादंबरीतल्या मुलीचा कॉलम १९८८ ला संपला होता. "लग्न", बस. खाली २०१७ पर्यंत कोरा. भावांची वयं मी वर्षावर्षाची लिहिली होती आणि ही एकोणीस वर्षांची होऊन जणू मेलीच, आणि वारस नोंदी रोज मी करतो. लई लागलं मनाला.

तो कॉलम त्याच रात्री भरला. २००५ ला केंद्राच्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित शेतीत मुलींना मुलांइतका हक्क मिळाला तेव्हा ती छत्तीसची, हे तिला कोणी सांगितलं? बापाच्या कर्जाचं तिला कधी कळलं, कोणाकडून? मग अजून एक कॉलम वाढवला, कोणाला काय कधी कळते, आणि त्या एका कॉलमनं सव्वीसातली अकरा प्रकरणं हलली. आता पहिलं प्रकरण ती एसटीतून माहेरी येते तिथून सुरू होते. त्या बाईची हकीकत मी तशीच उचलणार नाही, ती तिची आहे, माझी मुलगी वेगळ्या गावची, वेगळ्या स्वभावाची.

नोंदीवर हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी मागच्या आठवड्यात प्रमाणित केली. बाई नवा सातबारा न्यायला स्वतः आली होती. हक्कसोडीचं काही बोलली नाही, मी पण विचारलं नाही. मृगाला पहिलं पान लिहायला बसतोय.