तुम्ही विचारलंत म्हणून: गोल्फ कोर्स आवडतात, मग तेरेखोलला विरोध का?

पेडण्यात ओळखीचं कुणी भेटलं की हा प्रश्न येतोच. गोव्याच्या उत्तर टोकाला असलेल्या तेरेखोलच्या गोल्फ कोर्सविरुद्ध तिथली कुळं उभी राहिली तेव्हा मी त्यांच्या बाजूने बोललो, आणि घरी माझ्या कपाटात मात्र जगभरच्या गोल्फ कोर्सचे नकाशे. दोन्ही एकत्र कसं?

जमिनीकडे बघायला मी त्या नकाशांतूनच शिकलो. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स कुणा एकाने आखलेला नाही. समुद्र आणि शेतं यांच्यामधली ती रेताड पट्टी, पिकाला निरुपयोगी, पण पाणी झटकन मुरतं आणि गवत आखूड राहतं. एकोणिसाव्या शतकातला खेळाडू ओल्ड टॉम मॉरिस याच्यासारख्यांनी सुधारणा केल्या, त्याही आहे त्या चढउतारांवर. कोर्सवर १८ होल्स, म्हणजे सुरुवातीपासून चेंडूच्या छिद्रापर्यंतचे टप्पे. त्यातल्या १४ होल्सना ग्रीन, म्हणजे छिद्राभोवतीची आखूड गवताची जागा, दोघांत एक. जोडीच्या क्रमांकांची बेरीज नेहमी १८.

१९२४ साली या कोर्सचा बारकाईने नकाशा काढला अ‍ॅलिस्टर मॅकेन्झीने. माझा सर्वांत लाडका माणूस. पेशाने डॉक्टर, पुढे कोर्स आखणारा. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात त्याने पाहिलं की बोअर सैनिक खंदक असे लपवतात, की समोरून जमीन सलगच दिसावी. तीच नजर त्याने बंकरना, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यांना, लावली. त्याच्या बंकरची कड वेडीवाकडी, मागच्या टेकडीच्या रेषेत मिसळणारी. ग्रीनला खेटून वाटणारा बंकर जवळ गेल्यावर कितीतरी अलीकडे निघतो, आणि तोवर खेळाडूचा अंदाज फसलेला असतो. गोल्फपटू बॉबी जोन्सबरोबर त्याने अमेरिकेतला ऑगस्टा नॅशनल हा कोर्स रचला. तिथली पहिली स्पर्धा मार्च १९३४ मध्ये झाली आणि मॅकेन्झी त्याच वर्षी जानेवारीत गेला. मला याची अजून हळहळ वाटते.

कोर्स आखणाऱ्या पीट डायने फ्लोरिडात दलदल उपसून सॉग्रास हा कोर्स उभारला. १७व्या होलपाशी चांगली वाळू लागली, ती काढता काढता मोठा खड्डा झाला. त्यात पाणी भरून मधे ग्रीन ठेवायची कल्पना त्याची पत्नी अ‍ॅलिस हिची. कल्पना अफाट आहे, पण माझं मन बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या कोर्स आखणाऱ्या जोडीकडे ओढ घेतं. नेब्रास्काच्या सँड हिल्सवर फिरून त्यांनी शंभराहून जास्त होल्स जागच्या जागी हेरले, त्यातले १८ निवडले आणि माती जवळजवळ हलवलीच नाही. १९९५ चा तो कोर्स.

आता आपला सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं पठार, बघा. वर वीतभर माती, खाली जांभा. वर्षाचा सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस बहुतेक चार महिन्यांत कोसळतो आणि पुढे झऱ्यांवर भागवायचं. उतारावर काजू, खाली वस्ती. इथे बारमाही हिरवळ हवी तर माती बाहेरून आणायची, खत घालायचं आणि पाणी जमिनीतून ओढायचं. मॅकेन्झीच्या पुस्तकातला एकही धडा याला लागू पडत नाही. म्हणून गोव्यात कोर्सचा नवा प्रस्ताव आला की आर्किटेक्ट कोण हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, मे महिन्यात पाणी कुठल्या विहिरीचं?