फियाटची त्रिकोणी काच आणि नव्या गाडीचा जाड खांब

आमच्या पुण्याच्या घरी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे आणि तिच्या शेजारी बॅटरीवर चालणारी आजच्या काळातली एक छोटी एसयूव्ही उभी असते. पद्मिनी हे नाव केवळ आरसी बुकापुरते आहे. वडिलांनी ती घेतली तेव्हापासून घरात तिला कोणी ‘फियाट’ याखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही. दोन्ही गाड्या एकाच अंगणात पाहून येणारा प्रत्येक पाहुणा ‘यातली चांगली कुठली?’ असे विचारतोच. याचे उत्तर देताना मला विचार करावा लागत नाही, कारण ब्रेक, दिवे, आराम, सुरक्षितता यांपैकी कोणतीही कसोटी लावली तरी नवीच गाडी चांगली ठरते. तरीही नळ स्टॉपच्या चौकात संध्याकाळी सहा वाजता उजवीकडे वळायचे असेल, तर मला फियाटच हातात हवी असते. या पसंतीचे कारण आठवणींत नसून काचेत आहे.

फियाटच्या पुढच्या काचेला दोन्ही बाजूंनी धरणारे खांब माझ्या मनगटाहून फारसे जाड नाहीत. बोनेटची दोन्ही टोके बसल्या जागेवरून दिसतात, खिडकीची खालची कड जवळजवळ कोपराच्या उंचीवर येते आणि मागची काच आरशात पूर्ण मावते. नव्या गाडीत पुढच्या खांबाची जाडी माझ्या पसरलेल्या पंजाएवढी भरते. त्यामागची कारणे रास्त आहेत. गाडी उलटली तर छपराचा भार त्या खांबांनी पेलायचा असतो आणि डोक्याशेजारी उघडणारी पडद्यासारखी एअरबॅग त्यांच्यापासूनच सुरू होऊन छपराच्या कडेने मागे गेलेली असते. मात्र पुण्याच्या चौकात तोच खांब एक अख्खी स्कूटर तिच्यावरच्या दोन माणसांसह गिळून टाकतो. आपण ज्या वेगाने वळतो, साधारण त्याच वेगाने तीही पुढे सरकत असली, तर ती सलग दोन-तीन सेकंद खांबाआडच राहते. वळताना खांबाच्या अलीकडे-पलीकडे पाहण्यासाठी मान पुढे-मागे हलवण्याची सवय मला या गाडीने लावली आहे. शेजारी बसणाऱ्यांना ती चमत्कारिक वाटते, पण ती मी सोडणार नाही.

आकारमानाची गोष्ट याहून मजेशीर आहे. आपल्याकडे चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाची गाडी ‘छोटी’ धरून तिला करसवलत देण्याची पद्धत २००६ पासून सुरू झाली. तेव्हापासून कंपन्या नव्या गाड्यांची शेपटी कापून त्यांना या मापात बसवत आल्या. फियाटची लांबी सुमारे ३.९ मीटर आणि इंजिन १०८९ सीसी असल्यामुळे ती या व्याख्येत आपोआप बसते. फरक रुंदीत आहे. फियाट दीड मीटरपेक्षाही अरुंद आहे, तर टाटा नेक्सॉनसारखी आजची ‘छोटी’ गाडी १.८ मीटर रुंद आहे. सदाशिव पेठेतल्या बोळातून समोरून रिक्षा येत असताना हा फूटभराचा फरक चांगलाच जाणवतो. ही वाढीव रुंदी वाया गेलेली नाही, हेही मी मान्य करतो, कारण दारांतल्या तुळया आणि बाजूने धडक बसल्यास चिरडण्यासाठी राखलेली जागा तिच्यातूनच मिळाली आहे. फियाटचे दार म्हणजे एक पत्रा, एक काच आणि काच वर-खाली करणारी यंत्रणा, एवढेच.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय या गाडीचे वय नीट कळत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कंपनीचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. फियाट ११०० या इटालियन गाडीची निरनिराळी रूपे तेथे तयार होत गेली. १९६४ पासूनची ‘डिलाइट’, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासूनची ‘पद्मिनी’ या तिन्ही गाड्या मुळात एकच आहेत. या रूपातल्या गाडीला इटलीने साठच्या दशकातच निरोप दिला होता, आपण मात्र तिला नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत नवी म्हणून विकत घेत राहिलो. यात आपली निष्ठा कमी आणि नाइलाज अधिक होता. परवाना पद्धतीमुळे गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे आणि नंबर लागलेला माणूस गाडीचा ताबा घेताघेताच ‘ऑन’, म्हणजे मूळ किमतीवर जादा रक्कम, घेऊन ती दुसऱ्याला विकत असे. अशा काळातल्या गाडीला ‘दणकट’ म्हणून गौरवताना, तुलना करायला दुसरी गाडीच नव्हती, ही बाब सोयीस्करपणे विसरली जाते.

सकाळी फियाट सुरू करण्याचा एक विधी आहे. थंड इंजिनाला पेट्रोलाचे दाट मिश्रण देणारा चोक पूर्ण ओढायचा, ॲक्सिलरेटर दोनदा दाबून सोडायचा, मग स्टार्टर मारायचा आणि इंजिनाने सूर पकडला की चोक थोडाथोडा आत सारत जायचा. तिसऱ्यांदा दाबले, तर पेट्रोल जास्त होऊन ठिणगी पाडणारे प्लग ओले होतात. ही चूक मी एका लग्नाच्या सकाळी, सासऱ्यांना स्टेशनवरून आणायचे असताना केली होती. बोनेट उघडून चारही प्लग काढायचे, फडक्याने पुसून हवेवर वाळवायचे आणि परत बसवायचे, यात वीस मिनिटे गेली. सासरे रिक्षाने घरी आले आणि फाटकातून आत येताना त्यांना जावयाचे काळे झालेले हात दिसले. दोष गाडीचा नव्हता, माझ्या पायाचा होता, आणि चूक करणाऱ्याला गाडी लगेच तसे कळवते, हे मला या यंत्रात आवडते. इंजिनाचा आवाज किंचित बदलला की टॅपेट सेटिंग, म्हणजे झडपांजवळची फट नीट, करून घ्यायला हवे, हे कळते; क्लचचे पेडल बरेच वर आल्यावर तो पकडू लागला की क्लच प्लेट संपत आली, हे पायाला समजते.

त्या काळच्या बहुतेक गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला असे. इंजिन तापले की पंप आणि नळी तापून आतल्या पेट्रोलची वाफ होई आणि गाडी घाटाच्या ऐन चढावर आचके देऊन थांबे. वाफ धरली, असे त्याला म्हणत. पंपावर ओले फडके टाकून वाट पाहायची, हा त्यावर सर्वांना ठाऊक असलेला उपाय होता. उन्हाळ्यात पाचगणीच्या वाटेवरच्या पसरणी घाटात बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग आणि पाण्याचे डबे घेऊन उतरलेली माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. आज त्या दृश्याबद्दल हळवे होऊन लिहिणाऱ्यांनी ते चाळीस अंश तापमानात, मागच्या बाकावर, मांडीवर भाऊ घेऊन अनुभवलेले नसावे, अशी मला शंका आहे.

घाट उतरताना तर विनोदाला फारशी जागाच नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि ते सतत दाबून ठेवले तर तापतात व धरेनासे होतात. त्यामुळे ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा वडिलांचा दंडक होता. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी गुरगुरत उतरते आणि ब्रेकला फक्त वळणावर हात लावावा लागतो, किंवा पाय म्हणा. नवी विजेची गाडी पहिल्यांदा त्याच घाटातून उतरवली, तेव्हा एक अनपेक्षित साम्य सापडले. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच मोटर जनित्र बनते, बॅटरीत वीज परत जाते आणि गाडी दुसऱ्या गिअरमधल्या फियाटसारखी मागे ओढली जाते, तीही गुरगुर न करता. मात्र पाचगणीलाच बॅटरी शंभर टक्के भरून निघालात, तर परत येणाऱ्या विजेला जागा नसते आणि ही ओढ जवळजवळ नाहीशी होते. म्हणून वर मुक्काम असला की मी ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवतो. वडिलांच्या नियमाचीच ही नवी आवृत्ती आहे.

ॲम्बेसेडरविषयी मला विशेष प्रेम नाही. तिचा मागचा सोफा उत्तम होता, पण ती गाडी नेहमी दुसऱ्याने चालवायची. काँटेसा दिसायला देखणी होती आणि तिची हौस तेवढ्यावरच भागत असे. खरा बदल घडवला तो १९८३ च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० ने. तीन सिलिंडरांचे ७९६ सीसीचे इंजिन आणि पुढच्या चाकांना मिळणारी ताकद, असा तिचा लहानसा संसार होता. तिच्यात आधुनिक काय होते, तर ती रोज सकाळी पहिल्या चावीला सुरू होई. एवढ्या एका गुणाने तिने गाडी चालवण्यासाठी यंत्र समजण्याची अट काढून टाकली आणि असंख्य स्त्री-पुरुषांना मिस्त्रीच्या कृपेवाचून गाडी चालवता आली. शौकिनांच्या मेळ्यांत तिला कोणी फारसे विचारत नाही, हा मला अन्याय वाटतो.

नव्या गाड्यांविषयीची माझी खरी तक्रार पडद्याबद्दल आहे. एसीचा पंखा कमी करायला मला रस्त्यावरची नजर काढून पडद्यावर नेमक्या चौकोनात बोट टेकवावे लागते, आणि खड्डा आला की ते बोट भलत्याच चौकोनात पडते. फियाटमध्ये एसी नाही, पण दारातली ती त्रिकोणी काच बाहेरच्या बाजूला फिरवली की वाऱ्याचा झोत सरळ छातीवर येतो आणि हे काम न बघता, एका हाताने होते. युरोपातल्या ‘युरो एनकॅप’ या सुरक्षाचाचणी संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदत यांसाठी खरी बटणे किंवा दांड्या असतील तरच पूर्ण गुण देण्याचे ठरवले, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’नेही तसे करावे आणि यादीत एसीचा पंखा घालावा.

त्याच ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि काळ्या-पिवळ्या फियाटचा काळ सरला, तेव्हा समाजमाध्यमांवर निरोपाच्या लेखांचा पूर आला. दादर ते फोर्ट या गर्दीत दिवसभर तो क्लच दाबणाऱ्या माणसांपैकी कोणी त्यात लिहिल्याचे माझ्या पाहण्यात आले नाही.

आमच्या खासगी गाडीला तशी सक्तीची निवृत्ती नाही, पण तिची अवस्था अधांतरी आहे. पन्नास वर्षे पूर्ण झाल्याखेरीज ती कायद्याने ‘व्हिंटेज’ होत नाही, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीचे नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क २०२५ मध्ये दहा हजार रुपये झाले. त्याहून मोठी काळजी पेट्रोलची आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, आणि जुन्या गाड्यांतले रबर ते सोसण्यासाठी बनवलेले नव्हते. गेल्या पावसाळ्यात नळ्या फुगून मऊ पडलेल्या दिसल्या, म्हणून त्या सगळ्या बदलल्या. गाडीच्या पेट्रोल पंपातला डायफ्रॅम, म्हणजे लवचीक पडदाही, इथेनॉल सोसणारा मिळवला आहे आणि इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, म्हणून कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, एक माप मोठा घालून पाहू, असे आमच्या मिस्त्रींचे म्हणणे आहे. ते सत्तरीचे आहेत, त्यांच्याकडे गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर नाही, आणि या रविवारी सकाळी नऊला ते येणार आहेत.