फोटोच्या मागचं नाव, फोनमधला आवाज

जुन्या फोटोंचा रंग उडायच्या कितीतरी आधी त्यांतल्या माणसांची नावं हरवतात. कृष्णधवल प्रिंट कोरड्या कपाटात शंभर वर्षंसुद्धा टिकते. पण ‘डावीकडून तिसरी कोण?’ याचं उत्तर घरात एका-दोघांनाच ठाऊक असतं. ती माणसं गेली की फोटो शाबूत राहतो, फक्त अनोळखी होऊन. म्हणून बारसं, वाढदिवस, लग्न, निवृत्ती आणि शेवटी घरातल्या कुणाचं जाणं या सगळ्याच्या खुणा जपायच्या असतील, तर स्कॅनर विकत घेण्याआधी पेन्सिल हातात घ्यावी.

पेन्सिल मऊ हवी, 4बी किंवा 6बी. फोटो कडक, स्वच्छ पृष्ठभागावर पालथा ठेवून मागच्या बाजूला कडेजवळ हलक्या हाताने लिहायचं. बॉलपेन नको. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि तिरक्या उजेडात चेहऱ्यावर रेघा दिसतात. शाईपेनची शाई दमटपणात पसरते, आणि फोटोंची चळत असेल तर खालच्या फोटोच्या तोंडावर उतरते. अलीकडच्या प्रिंटची मागची बाजू प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत असते, तिथे पेन्सिल उमटत नाही. तिथे न पुसणाऱ्या पिगमेंट शाईचं बारीक टोकाचं पेन चालतं, पण शाई पूर्ण सुकेपर्यंत फोटो एकावर एक ठेवायचे नाहीत. चिकटपट्टी लावून चिठ्ठी डकवू नये. काही वर्षांत पट्टी पिवळी पडते, गोंद फोटोत मुरतो आणि चिठ्ठी गळून पडते.

काय लिहायचं, यात सगळ्यात जास्त चुका होतात. ‘ताई आणि काका, वाढदिवस’ एवढं लिहिलं की लिहिणाऱ्याला सगळं समजतं, पुढच्या पिढीला काहीच नाही. एकीची ताई ती दुसरीची आत्या आणि तिसरीची आजी. त्यामुळे पूर्ण नाव हवं, बाईचं आडनाव बदललं असेल तर आधीचं आणि नंतरचं दोन्ही, आणि घरात हाक मारायचं नाव वेगळं असेल तर तेही. क्रम नेहमी डावीकडून उजवीकडे, मागची रांग आधी की पुढची ते स्पष्ट लिहून. साल नक्की माहीत नसेल तर अंदाज आणि त्याचं कारण लिहा: ‘1974 च्या आसपास, धाकटा अजून कडेवर आहे म्हणून’. कारण लिहिलेलं असलं की पुढे कुणाला तो अंदाज तपासता येतो. नुसता आकडा मात्र चुकीचा असला तरी खरा मानला जातो.

ही माहिती ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासोबत बसायची एक पद्धत आहे. एका बैठकीला वीस-पंचवीस फोटो, जास्तीत जास्त चाळीस मिनिटं. त्यापुढे थकवा येतो आणि ‘असेल कुणीतरी’ सुरू होतं. ‘हे कोण, ओळखा बघू’ असं विचारलं की ती परीक्षा वाटते, आणि विस्मरण सुरू झालेल्या माणसाला ती फार लागते. त्याऐवजी ‘हा काढला तेव्हा कुठलं घर होतं?’, ‘कॅमेरा कुणाचा होता?’ असं बाजूने विचारावं. जागा आठवली की माणसं मागोमाग येतात. उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, पाच-सहा सेकंद थांबा. खरी गोष्ट बहुतेक वेळा त्या थांबण्यानंतर येते. आणि सगळं रेकॉर्ड करा, प्रत्येक फोटोआधी मोठ्याने आकडा उच्चारून: ‘फोटो क्रमांक 14’. हा आकडा नसेल तर सहा महिन्यांनी त्या ध्वनिफितीतलं ‘हा तो, आणि ही त्याची बहीण’ कुणाबद्दल होतं ते कळत नाही.

रेकॉर्डिंगला साधा फोन पुरतो, जागा मात्र नीट निवडावी. रिकाम्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. पडदे, गादी, कपड्यांची कपाटं असलेली झोपायची खोली सगळ्यात चांगली. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, बोलणाऱ्यापासून वीतभर ते हातभर अंतरावर, आणि टेबलावर थेट न ठेवता घडी केलेल्या टॉवेलवर. टेबलावर बोटं वाजली की तो ठोका रेकॉर्डिंगमध्ये शब्द गिळून टाकतो. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून इअरफोनवर ऐका. डब्ल्यूएव्ही स्वरूपात (आवाज न दाबता साठवणारी फाइल) 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, मोनो म्हणजे एकच ध्वनिमार्ग ठेवलं तर तासाला साधारण 320 एमबी जागा लागते. आजच्या फोनला ती जड नाही.

आनंदाच्या दिवशी करायची एक गोष्ट नेहमी राहून जाते. समारंभात गटाचे फोटो ढीगभर निघतात, पण घरातल्या थोरल्या माणसाचा एकट्याचा, स्वच्छ, सहज हसणारा फोटो नसतो. मग ते गेल्यावर पहिल्याच दिवशी कुणीतरी गटाच्या फोटोतून चेहरा कापून काढतं. तो चेहरा जेमतेम 150-200 पिक्सेलचा असतो, आणि 8 बाय 10 इंचाच्या चांगल्या प्रिंटला 2400 बाय 3000 लागतात. म्हणून तो पिठासारखा विखुरलेला दिसतो, आणि वर्षानुवर्षं तसाच भिंतीवर राहतो. प्रत्येक समारंभात दोन मिनिटं काढून हा एक फोटो घ्यावा: खिडकीजवळ, उजेड बाजूने, माणसापासून दीड-दोन मीटर लांब, फोनवर 2एक्स झूम ठेवून. जवळून रुंद लेन्सने काढला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि ‘माझा फोटो चांगला येत नाही’ म्हणणारी पुष्कळ माणसं खरं तर या अंतराचीच तक्रार करत असतात.

बाळाच्या सोनोग्राफीच्या चित्राबद्दल हे जरूर लक्षात ठेवा. ते थर्मल कागदावर छापलेलं असतं, म्हणजे त्यात शाई नसते, उष्णतेने कागदच काळा होतो. जपायचं म्हणून ते गरम लॅमिनेशनला दिलं की अख्खं काळं होऊन परत येतं, आणि त्यावर उपाय नाही. उजेडात ठेवलं तर ते फिकट होत जातं. हातात आल्याच्या आठवड्यात स्कॅन करा, मूळ चित्र अंधाऱ्या कोरड्या पाकिटात ठेवा.

स्कॅनिंगचं थोडक्यात. 4 बाय 6 इंचाच्या प्रिंटला 600 डीपीआय, म्हणजे इंचाला 600 ठिपके, पुरे, त्यातून 2400 बाय 3600 पिक्सेलची फाइल मिळते. 35 मिमीच्या निगेटिव्हला मात्र 2400 ते 4000 डीपीआय लागतात, कारण ती चौकट फक्त 24 बाय 36 मिमीची आहे. कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत मोडमध्येच स्कॅन करा. पिवळसर डाग आणि शाईच्या खुणा रंगामुळे वेगळ्या काढता येतात. मागे काही लिहिलेलं असेल तर तीही बाजू स्कॅन करा, 014अ आणि 014ब अशा जोडीने. फाइलचं नाव सालापासून सुरू करा, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. स्कॅन केलेल्या फाइलवर स्कॅन केल्याची तारीख बसते, त्यामुळे 1968 चं लग्न फोनमध्ये गेल्या मंगळवारी दिसतं. फाइलमधली तारीख बदलून घ्यावी.

काचेच्या फ्रेममध्ये फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. फोटोच्या वरचा जिलेटिनचा थर दमटपणात काचेला धरून बसतो आणि ओढल्यावर चेहऱ्यासकट निघतो. काचेसकटच स्कॅन करा. चिकट पानांच्या, वर प्लॅस्टिकचा पडदा असलेल्या जुन्या अल्बममधले फोटो मात्र जितक्या लवकर काढता येतील तितकं बरं. दात साफ करायचा दोरा, म्हणजे डेंटल फ्लॉस, बिनवासाचा आणि मेण नसलेला घेऊन फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवायचा. मानत नसेल तर पानासकट स्कॅन करून सोडून द्या. पाण्यात भिजलेले, एकमेकांना चिकटलेले फोटो तसेच वाळू दिले की कायमचे जुळतात. ते स्वच्छ गार पाण्यात ठेवून अलगद सोडवा आणि चित्राची बाजू वर ठेवून वाळवा. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून उशीर नको.

आता ज्या दिवसांत कुणाचंच डोकं जागेवर नसतं त्या दिवसांबद्दल. माणूस गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आवराआवर करणारे हात चांगल्या मनाने फार मोठं नुकसान करतात. गेलेल्या माणसाचा फोन रीसेट करून मुलाला दिला जातो, सिमकार्ड बंद केलं जातं. तसं करू नका. फोन चार्ज ठेवा, सिम आत राहू द्या, नंबर चालू ठेवा, कारण बहुतेक खात्यांचे ओटीपी त्यावरच येतात. पासवर्ड माहीत नसेल तर अंदाजाने आकडे दाबत बसू नका. काही फोनमध्ये दहा चुकांनंतर सगळं पुसायची सोय चालू केलेली असते.

फोन उघडला तर सर्वात आधी आवाज वाचवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेले व्हॉइस मेसेज ओपस स्वरूपातल्या फाइल म्हणून असतात आणि अँड्रॉइडवर फाइलच्या नावातच तारीख असते, त्यामुळे ते सालवार लावता येतात. ‘पोचले का रे?’, ‘जेवून घ्या’ असल्या चार सेकंदांच्या फाइलही ठेवा. माणसाचा रोजचा सूर त्यांत असतो, भाषणात नसतो. पाठवणाऱ्याचा फोन उघडत नसेल तरी तेच मेसेज घेणाऱ्यांच्या फोनमध्ये असतात, म्हणून नातेवाइकांना लगेच कळवा की काहीही डिलीट करू नका. व्हॉट्सॲपचं खातं वापराविना साधारण 120 दिवस राहिलं की काढून टाकलं जातं. गूगलचं वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरलं नाही तर पुसलं जाऊ शकतं, आणि त्यातले फोटोही जातात.

याची सोय जिवंतपणीच करता येते. गूगलमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. किती महिने हालचाल नसली की कुणाला कळवायचं ते त्यात ठरवता येतं, 3 ते 18 महिन्यांपर्यंत, आणि जास्तीत जास्त दहा जणांना. ॲपलमध्ये आयओएस 15.2 (आयफोनची प्रणाली) पासून ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आहे, म्हणजे आपल्यामागे खातं पाहायला आपण नेमलेला माणूस. त्या माणसाने त्याला मिळालेली ‘ॲक्सेस की’ (सांकेतिक किल्ली) आणि मृत्यूचा दाखला दिला, तर त्याला तीन वर्षं खातं पाहता येतं. ती ‘ॲक्सेस की’ छापून कागदपत्रांत ठेवा. आईवडिलांसमोर हा विषय काढणं जड वाटतं. आधी स्वतःच्या फोनवर त्यांचं नाव टाकावं आणि मग त्यांना दाखवावं, तेव्हा बोलणं सोपं होतं.

खोली आवरण्याआधी तिचे दहा-बारा फोटो काढा: उशाशी काय ठेवलेलं होतं, चष्मा कुठे असायचा, उघडा खण, कपाटाची आतली बाजू. हस्ताक्षर असलेले साधे कागद, हिशेब, याद्या फेकू नका. कपडे एकदम धुवायला टाकू नका. कोरडा असलेला एक तरी तसाच, त्या माणसाच्या वासासकट, बाजूला ठेवा. काय ठेवायचं ते ठरवायला वर्षभर वेळ आहे, धुतलेलं मात्र परत येत नाही.

जमवलेल्या सगळ्याच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं खणात पडून राहिला तर त्यातली माहिती जाऊ शकते. हार्ड डिस्क वर्षातून एकदा जोडून चार-दोन फाइल उघडून पाहा. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर आकार घटतो आणि कालांतराने तीच घटलेली प्रत सगळीकडे उरते.

आणि ज्यांची ओळख पटली नाही ते फोटो टाकून देऊ नका. मागे ‘ओळख पटली नाही’ असं लिहा, कुणाकुणाला विचारलं ते आणि तारीख लिहा. त्यांच्या प्रती प्रत्येक लग्नाला, प्रत्येक बारशाला सोबत न्या, कारण दूरची माणसं तिथेच भेटतात. नाव कळलं की आधीचं खोडायचं नाही, त्याखाली नवं नाव आणि ते कुणी सांगितलं ते लिहायचं.