वाड्यातल्या पोत्यांपासून कॅटलॉगपर्यंत: हस्तलिखित विभागाचा माझा अनुभव

विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुर्मिळ ग्रंथ आणि हस्तलिखितांचा वेगळा विभाग असतो हे आमच्या निम्म्या प्राध्यापकांनाही माहीत नसतं. माझ्याकडे तो अतिरिक्त कार्यभार म्हणून आला, म्हणजे आधीचे सर रिटायर झाले, पोस्ट भरायची परवानगी काही आली नाही, आणि पिरियॉडिकल सेक्शन सांभाळताय ना मग हेही बघा म्हणून ऑर्डर हातात ठेवली. लोकांना वाटतं की दिवसभर जुन्या पोथ्या उघडून बसायचं, काय मजा. प्रत्यक्षात या खुर्चीवरचं काम म्हणजे काय घ्यायचं, कशाला नाही म्हणायचं, आणि घेतलेल्याचं आधी काय नंतर काय करायचं हे ठरवणं, आणि त्या आधी-नंतरवरून वरच्यांशी, खालच्यांशी, देणगीदारांशी सगळ्यांशी वाद घालणं. एका देणगीचं सांगते म्हणजे कळेल.

एका जुन्या वाड्यातून फोन आला. वाडा रिडेव्हलपमेंटला गेलाय, माळ्यावर आजोबांच्या पोथ्या आणि कागद आहेत, पोत्यांत भरून ठेवलेत, आठवड्याभरात उचला नाहीतर रद्दीवाला येणार. हे 'नाहीतर रद्दीवाला' प्रत्येक जण म्हणतो. आमचे साहेब लगेच टेम्पो पाठवा म्हणाले, पेपरात बातमी येईल. मी म्हटलं आधी बघून येते. आमच्या शिपाईमामांना घेऊन गेले, बघितलं, तर माल खरंच चांगला होता, लाल कापडात बांधलेल्या पोथ्या, शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली, पुस्तकं, मोडी लिपीतल्या वह्या आणि खतं, म्हणजे दस्तऐवज, आणि त्यातच वीजबिलं आणि लग्नपत्रिका. पण वारस तीन भाऊ, फोन करणारे काका मधले, थोरल्यांना काही पत्ताच नाही आणि धाकटे न्यू जर्सीला.

दानपत्रावर तिघांची सही असल्याशिवाय एक कागद हलवणार नाही म्हटल्यावर काका चिडले, अहो मॅडम आम्ही फुकट देतोय आणि तुम्ही आम्हालाच अटी घालताय. बरोबर आहे त्यांचं, पण उद्या चौथा कोणी पुतण्या उभा राहिला आणि आमची पोथी परत द्या म्हणाला तर मी काय दाखवू? मग व्हिडिओ कॉल झाला. त्यांच्या अटी अशा की आजोबांच्या नावाची स्वतंत्र खोली, दारावर संगमरवरी पाटी, आणि घरच्यांना कधीही काहीही परत नेता यावं. खोली शक्य नाही म्हटलं, नाव कॅटलॉगमध्ये प्रत्येक नोंदीवर येईल, तेच लोक शोधतात, पाटी कोणी वाचत नाही. परत नेता येईल हे तर मुळीच नाही, ती देणगी होत नाही, ते सांभाळायला ठेवणं झालं. धाकटे भाऊ म्हणाले मग मी एक पोथी आठवण म्हणून अमेरिकेला नेतो. त्यांना सांगावं लागलं की १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, साहित्यिक किंवा ऐतिहासिक मोल असलेलं ७५ वर्षांवरचं हस्तलिखित खासगी माणसाला असं देशाबाहेर नेता येत नाही, कस्टमला अडकाल. ते गप्प झाले, मग आमच्याकडून फोटो घ्यायचं ठरलं. दोन पानी दानपत्र झालं, त्यात कॉपीराइटचंही कलम घातलं, कारण आजोबांचं स्वतःचं अप्रकाशित लिखाण त्यात होतं आणि अशा न छापलेल्या लिखाणाचा हक्क, ते पहिल्यांदा प्रकाशित झाल्यावर ६० वर्षांपर्यंत, वारसांकडे राहतो.

माल आला तो थेट विभागात घेतला नाही. एका पोत्यात कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागली असेल तर ती आमच्या जुन्या कपाटांत जायला वेळ लागत नाही. पूर्वी आमच्याकडे थायमॉल नावाच्या रसायनाची पेटी होती, खाली बल्ब लावायचा, वर थायमॉल ठेवायचं, त्याच्या वाफेत पोथ्या, आणि संध्याकाळी सगळ्यांचं डोकं दुखायचं. शिवाय थायमॉल बुरशीवर चालतं, किड्याची अंडी मारायला त्याचा भरवसा नाही. मला डीप फ्रीझर हवा होता. पॉलिथिनमध्ये हवा काढून पॅक करायचं, उणे २० डिग्रीला दोन आठवडे ठेवायचं, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, दिवसभर तशीच ठेवायची, नाहीतर गार कागदावर पाणी धरतं. अकाउंट्सने फाइल परत पाठवली, ग्रंथालयास फ्रीझरचे प्रयोजन काय. मी प्रयोजन लिहिलं, परत आली, परत लिहिलं. शेवटी 'कीटकनियंत्रण उपकरण' असं नाव दिल्यावर पास झाली.

मग खरा वाद सुरू झाला. वरून निरोप, ताबडतोब डिजिटायझेशन करा, नॅक येतंय, म्हणजे विद्यापीठाचं मूल्यांकन करणारी समिती. मी म्हटलं आधी नोंद. कारण साधं आहे, कुठली पोथी, किती पानं, कुठलं पान कुठे, हे माहीत नसताना स्कॅन केलं तर हार्ड डिस्कमध्ये पुन्हा तेच पोतं तयार होतं, फक्त आता ते चाळताही येत नाही. आणि जागा किती खातं बघा, ए-फोर आकाराचं एक पान ६०० डीपीआय इतक्या बारकाईने रंगीत टिफ फाइलमध्ये जवळजवळ १०० एमबी. मिक्स झालेली पानं त्या आकारात साठवून कोणाचं भलं होणार? शिवाय सरकारी वित्तीय नियमांत हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर समजून घेतात, पण दुर्मिळ पुस्तक गेलं की चौकशी ठरलेलीच. ज्याला नंबरच नाही ते हरवलं हे तरी कसं सिद्ध करणार, हा मुद्दा मात्र साहेबांना पटला.

पानं खरोखरच मिक्स होती. दोन पोथ्या सुटून एकमेकीत गेलेल्या. तिथे समास कामाला आला, जुने लेखक, म्हणजे पोथी उतरवून काढणारे, समासात ग्रंथाचं नाव तोडून लिहायचे, 'पां. प्र.' म्हणजे पांडवप्रताप, आणि पानाच्या आकड्याखाली बऱ्याचदा 'राम'. अक्षर, आकडा आणि समास बघून मामांनी आणि आमच्या कंत्राटी मुलीने टेबलावर पानं लावली. मामा ग्रंथपालनाची कुठलीही परीक्षा दिलेले नाहीत, पण कुठलं पान कुठल्या हाताचं हे ते माझ्याआधी सांगतात.

घरच्यांचा दावा होता की हा पांडवप्रताप खुद्द श्रीधरस्वामींच्या, म्हणजे तो रचणाऱ्या कवीच्याच, हातचा. शेवटच्या पानावर पुष्पिका, म्हणजे लिहिणाऱ्याचं नाव आणि काळ सांगणारा मजकूर, होती, शके सतराशे... आणि पुढे दशकाचा आकडा कसरीने खाल्लेला, एककाचा दोन शाबूत. त्यात कुठलाही आकडा घातला आणि सन काढायला ७८ मिळवले तरी १७८० च्या मागे जात नाही आणि श्रीधरस्वामी १७२९ ला गेले, म्हणजे दावा तिथेच संपला. पण सुदैवाने पुढे 'प्रमोदनाम संवत्सरे', म्हणजे त्या वर्षाचं नाव, होतं. शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी चार उरली की प्रमोद. मग शके १७३२ किंवा १७९२, म्हणजे सन १८१० किंवा १८७०, ६० वर्षांचं चक्र असल्यामुळे दोन्ही बसतात. आता कोणतं? पान खिडकीसमोर धरलं तर कागदात कारखान्याचा पाण्याचा छाप, म्हणजे वॉटरमार्क, आणि त्यात १८६६ सन. म्हणजे १८७०. काकांना फोन करून सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पडला, मग म्हणाले, म्हणजे आमच्या खापरपणजोबांनीच लिहिली असेल? लेखकाच्या नावात आडनाव तेच होतं, हो म्हटलं. छापील पोथ्या मिळायला लागल्या होत्या त्या काळात माणूस बसून एवढा ग्रंथ हाताने उतरवतो, मला तर हे श्रीधरांच्या प्रतीपेक्षा कमी वाटत नाही, पण हे माझं मत.

बांधणीचं एक वेगळंच दुखणं. टेंडर काढलं की एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दर भरणारा, घ्यावाच लागतो, आणि अशाच एका बाइंडरने मी येण्याआधी चार शिळाछाप पुस्तकांचे समास मशीनवर सरळ कापून टाकले होते, वरच्या टिपांसकट. जुने लेखक पोथीच्या शेवटी लिहायचे की तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, एल-वनबद्दल लिहायचं तेवढं राहून गेलं. आता आम्ही हस्तलिखितं बाहेर देतच नाही. जपानी टिश्यू आणि खळ वापरून फाटकी पानं इथेच जोडतो, बाकी फळ्या आणि लाल कापड. शिक्काही मारत नाही, नंबर पेन्सिलने.

मोडीच्या वह्यांना मात्र नोंद होण्याआधीच गिऱ्हाईक आलं. २०२३ ला कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला, रोज कोणीतरी गावाचं नाव घेऊन दारात. बरेच जण हात जोडून यायचे, काही वरून फोन लावून. आमची नीती एकच ठेवली, यादीत आलेली वही इथे बसून बघा, फोटोही घ्या, पण सत्यप्रतीचा शिक्का आमच्याकडून मिळणार नाही, आम्ही सरकारी दफ्तर नाही. आणि त्या सावकारी वह्यांत कोणाच्या पणजोबाने किती कर्ज बुडवलं तेही असतं, त्यामुळे दुसऱ्याच्या घराण्याचं उकरायला आलेल्यांना मी जरा वेळ लावायचे, खरं सांगते.

हातमोजे हा अजून एक विनोद. मंत्री आले तेव्हा सगळ्यांना पांढरे सुती मोजे पाहिजे होते, फोटोत छान दिसतात म्हणून. सुती मोज्यात बोटाला पान कळत नाही आणि कड फाटते, स्वच्छ धुतलेले कोरडे हात बरे. जुने फोटोग्राफ असतील तर नायट्राइलचे मोजे. मंत्र्यांना तसं सांगितलं, त्यांनी निमूट हात धुतले, तोंड वाकडं झालं ते आमच्याच लोकांचं.

सध्या पोथ्या सगळ्या कोहात, म्हणजे ग्रंथालयाच्या कॅटलॉगच्या सॉफ्टवेअरमध्ये, चढल्यात, शिळाछाप पुस्तकंही. त्यातली १८६७ च्या आतली, म्हणजे दोलामुद्रितं, आधी स्कॅनला जातील कारण त्यांचा कागद आता बोटात तुटतोय. मोडी खतांची नुसती यादी झालीय, वाचन अर्धंही नाही, मोडी येणाऱ्या दोन विद्यार्थिनी कमवा-शिका योजनेतून मिळाल्यात त्या करतायत, एकीची परीक्षा जवळ आलीय म्हणून ती पुढच्या महिन्यात नाही. नॅकवाले येऊन गेले, त्यांनी फ्रीझर बघून फोटो काढला. वीजबिलं मात्र ठेवून घेतली, सगळ्यात जुनं चाळीसच्या दशकातलं आहे आणि अर्थशास्त्राचे एक सर त्यावर काहीतरी लिहिणार म्हणतात.