वीतभर भरती

गोझो, माल्टा. जून, शनिवार, रात्र.

दिवसभर उन्हात हिंडल्यामुळे अंग अजून तापलेले आहे, तरीही आज पाहिलेले आजच लिहून ठेवले नाही तर चैन पडणार नाही. माल्टातील एका रुग्णालयात परिचारिका असलेल्या माझ्या लेकीला दोन दिवसांची सुटी मिळाली आणि ती मला चिरकेव्वाच्या धक्क्यावरून बोटीने या धाकट्या बेटावर घेऊन आली. अवघ्या पंचवीस मिनिटांचा प्रवास. जग या बेटाला गोझो म्हणते, पण इथली माणसे त्याला आउदेश म्हणतात. क्षेत्रफळ जेमतेम ६७ चौरस किलोमीटर.

सकाळी जगन्तियाची पाषाणमंदिरे पाहिली. इसवी सनापूर्वी ३६०० च्या सुमारास, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधी कित्येक शतके, माणसांनी पाच मीटरहून लांब शिळा उभ्या केल्या आणि त्या आजही जागेवर आहेत. खांद्याशी तान्हे मूल बांधून एका राक्षसिणीने हे सारे रचले, अशी इथली दंतकथा आहे, आणि त्या शिळांसमोर उभे राहिल्यावर ती मुळीच खोटी वाटत नाही. त्यानंतर व्हिक्टोरिया या इथल्या मुख्य गावातला किल्लाही पाहिला. १५५१ मध्ये तुर्की आरमाराने हे बेट लुटले आणि सुमारे पाच हजार माणसे गुलाम करून नेली. जवळजवळ सारे बेट ओस पडले होते, हे ऐकल्यावर त्या तटावर माझ्याने फार वेळ थांबवले नाही.

पण मला लिहायचे आहे ते दुपारविषयी. मार्सालफॉर्न गावाच्या पश्चिमेला श्वेयनी नावाच्या खाडीलगत किनाऱ्याचा पिवळसर चुनखडक कोरून मिठाचे वाफे केलेले आहेत. वरून पाहिले तर एखाद्या मोठ्या पाटीवर कोणीतरी चौकटी आखल्यासारखे दिसते; काही चौकटींत हिरवट पाणी, काहींत नुसती पांढरी साय. मी उरणचा. माझे आजोबा आयुष्यभर मिठागरात राबले आणि माझे बालपण बांधावरून धावण्यात गेले. त्यामुळे ते वाफे दिसताच माझे पाय आपोआप तिकडे वळले. लेक मागून हाका मारत राहिली.

वाफ्यांच्या कडेला एक वयस्कर बाई लांब दांड्याच्या झाडूने मीठ लोटत होत्या. झाडू खडकावरून फिरला की खरखर असा कोरडा आवाज होई आणि ओलसर मिठाची लहानशी रास पुढे सरके. कडेच्या खाचेत अडकलेले खडे त्या वाकून हाताने काढीत. मी बराच वेळ पाहत उभा राहिलो, तेव्हा त्यांनी चिमूटभर मीठ माझ्या तळहातावर ठेवले. खडा पातळ आणि स्वच्छ होता, जिभेवर ठेवताच विरघळला. आमचे मीठ करडे असे, कारण ते मातीतून उचललेले असे.

लेकीला दुभाषी करून मी पहिला प्रश्न विचारला तो भरतीचा: पाणी आत कधी घेता? बाईंना प्रश्नच कळेना. मग उलगडा झाला की या समुद्राला भरती-ओहोटी असते ती केवळ वीतभर. आमच्याकडे उधाणाला पाणी चार-चार मीटर चढते, ते बांधाच्या तोंडातून आपणहून आत येते, आणि आजोबांचे सगळे पंचांग त्या उधाणावर चाले. इथे मात्र समुद्र कधी दारात येत नाही. पूर्वी बादल्यांनी आणि आता पंपाने पाणी वरच्या मोठ्या हौदात चढवावे लागते, तिथे ते तापून दाट झाले की लहान वाफ्यांत सोडायचे आणि आठवडाभर उन्हावर सोपवायचे. मे ते सप्टेंबर हाच हंगाम. आमचा हंगाम जेव्हा पावसाने संपतो, तेव्हा यांचा भरात येतो.

पुढे काही वाफे सोडून दिलेले दिसले. त्यांत कोणी मीठ काढत नाही, पण चौकटी जशाच्या तशा आहेत, कडासुद्धा ढासळलेल्या नाहीत. ते पाहून माझ्या पोटात कालवले. आजोबांचे आगर मातीचे होते. दर पावसाळ्यात बांध वाहून जात, आणि दर वर्षी दिवाळीनंतर ते नव्याने बांध घालीत, तळ पायांनी तुडवून घट्ट करीत. ज्या वर्षी त्यांच्याने ते झाले नाही, त्या वर्षापासून आगर उरलेच नाही. पुढे तिथे भराव पडला, आणि आज त्या जागी उभे राहून कुठे काय होते हे मलाही दाखवता येणार नाही. मीठ घ्यायला त्यांना एवढे कष्ट पडत, हे आम्हा नातवंडांना माहीत होते. आगरसुद्धा ते दर वर्षी पहिल्यापासून घडवीत, हे मला आज साठाव्या वर्षी, परक्या खडकावर उभे राहून नीट उमगले.

मिठाची एक पुडी घेतली. पैसे मोजताना बाई काहीतरी पुटपुटल्या, तेव्हा लेकीने सांगितले की माल्टी भाषेत ‘ह्सीब’ म्हणजे विचार. आपला हिशेब आणि हा शब्द एकाच अरबी मुळाचे. जगाला ते ‘दिन्या’ म्हणतात आणि मेलेल्याला ‘मेय्येत’, म्हणजे आपली दुनिया आणि आपला मयत. रोमन लिपीतल्या पाट्यांआडून ओळखीचे शब्द असे डोकावतात, याचा मला फार आनंद झाला.

परतताना लेकीने विचारले, “बाबा, ते उधाणाचं तुम्ही म्हणालात, त्याच्या उलट काय असतं?” उरणात जन्मलेल्या मुलीला ‘भांग’ हा शब्द मी कधी सांगितलाच नव्हता. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, असे सांगून मी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतले. खाली वाफ्यांना लागून असलेले पाणी दुपारी होते तिथेच होते.