शब्दकोड्याचं यंत्र, भाग ३: एका चौकोनात किती मावतं?

जाळी आता ब्राउझरमध्ये नीट उभी राहते. काळे चौकोन जागच्या जागी पडतात, आडवे-उभे क्रमांकही बरोबर येतात. खरी झटापट झाली ती 'महाराष्ट्र'ला चारच चौकोन लागतात हे कोडला पटवताना.

जावास्क्रिप्टच्या लेखी या शब्दाची लांबी दहा, कारण प्रत्येक काना आणि प्रत्येक हलन्त तिथे वेगळा मोजला जातो. म्हणून इंटल डॉट सेगमेंटर, म्हणजे मजकुराचे तुकडे पाडणारं ब्राउझरमधलंच साधन, घेतला आणि त्याला 'ग्राफीम', म्हणजे वाचणाऱ्याला एक अक्षर वाटेल असा तुकडा, सांगितलं. क्रोममध्ये तो २०२० पासून आहे, फायरफॉक्समध्ये यायला एप्रिल २०२४ उजाडलं. ताज्या ब्राउझरवर म, हा, रा, ष्ट्र असे चार तुकडे झकास पडले. जुन्या ब्राउझरवर मात्र सहा: म, हा, रा, ष्, ट्, र. जोडाक्षर न तोडण्याचा जीबी९सी नियम युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांना संगणकावर क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) प्रमाण नियमावलीत आला तोच २०२३ साली, १५.१ आवृत्तीत. त्यामुळे मी सेगमेंटरवर एक छोटा थर चढवला आहे: तुकडा हलन्ताने संपला आणि पुढचा व्यंजनाने सुरू झाला, की दोन्ही जोडायचे.

हा थर तमिळला लावायचा नाही. १५.१ मध्ये नियम देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम एवढ्याच लिप्यांना दिला होता. तमिळमध्ये डोक्यावर पुळ्ळीचा ठिपका असलेलं व्यंजन हे स्वतंत्र अक्षरच मानतात. म्हणजे 'अम्मा' आपल्याकडे दोन चौकोनांत बसते, तमिळमध्ये तिला तीन लागतात. सेगमेंटरला लोकेल (भाषेची सेटिंग) मराठीचं द्या नाहीतर तमिळचं, अक्षरं तोडताना तो बघतो लिपीकडे. म्हणून 'जोडाक्षर एकत्र ठेवायचं का' हा खटका मी प्रत्येक भाषेच्या सेटिंगमध्येच ठेवलाय.

सगळ्यात जास्त मजा (आणि डोकेदुखी) ऱ्या-ची. डोंगरातल्या 'दऱ्या' दोन तऱ्हेने टाइप होतात: नुक्तावाला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा झेडडब्ल्यूजे, म्हणजे अक्षरं जोडायला सांगणारं अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, चौकोनही दोनच, पण कोडमध्ये दोन्ही मजकुरांची तुलना केली तर उत्तर चूक! एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची युनिकोडची पद्धत) इथे कामाचं नाही, झेडडब्ल्यूजेला ते हातही लावत नाही. आणि झेडडब्ल्यूजे सरसकट काढून टाकावा, तर दऱ्यांचा थेट दर्या, म्हणजे समुद्र होतो. तेव्हा आधी र-हलन्त-झेडडब्ल्यूजेचा ऱ-हलन्त करायचा, मग उरलेली अदृश्य चिन्हं पुसायची आणि त्यानंतरच तुकडे पाडायचे. हा क्रम पाळावाच लागतो. पुसण्यात झेडडब्ल्यूएनजे (जोडू नका सांगणारं अदृश्य चिन्ह) हाही जातो, नाहीतर 'षट्कोन' कुणाचा तीन चौकोनांचा, कुणाचा चार.

बॅकस्पेसला मात्र सेगमेंटर लावला नाही. 'क्षा' टाइप केल्यावर फक्त काना नको असेल, तर अख्खं अक्षर उडणं वैतागवाणं आहे.

आता कोड्याच्या सूचनांसाठी उताऱ्यांतून गाळलेल्या जागा काढतोय, म्हणजे सेगमेंटरचा वाक्यं तोडणारा 'सेंटेन्स' पर्याय. इथे युनिकोडचे प्रमाण नियम उघडे पडतात, कारण आद्याक्षरं ओळखण्याची त्यांची सगळी युक्ती रोमनमधल्या लहान-मोठ्या लिपीवर उभी आहे आणि आपल्याकडे तो भेदच नाही. 'पु. ल. देशपांडे' ही तीन वाक्यं ठरतात, 'इ.स.' तर मधोमध मोडतं. डॉ., प्रा., रु. यांची यादी केली. शिवाय एकाच अक्षराचं 'वाक्य' आलं की ते पुढच्याला जोडायचं. चरित्रपर उताऱ्यांवर हे छान चालतं. संवादांत मात्र 'हो.' आणि 'जा.' शेजारच्या वाक्याला चिकटतात, तेव्हा गोष्टींचे उतारे सध्या बाजूला ठेवलेत.