मिरी : अकरावा दिवस, शेपूट बाजूला, आणि प्रोजेस्टेरॉन ०.७

मिरी ही आमची कुत्री, आणि तिची हीट (माज) या वेळी दोन फेऱ्यांत आली. आधी निकाल. दुसऱ्या फेरीच्या बाराव्या दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन (बीज सुटताना वाढणारं हार्मोन) ६.१ आलं, म्हणजे ओव्हुलेशन झालं, बीज सुटलं. चौदाव्या आणि सोळाव्या दिवशी मेटिंग झालं, दोन्ही वेळा लॉक लागला (नर-मादी जोडलेले राहिले), आधी अठरा मिनिटं, मग बावीस. मागच्या नोंदीतला ‘अकरावा आणि तेरावा दिवस’ हा मेटिंगचा बेत पूर्ण बाद करावा लागला. तो का, हे सविस्तर लिहितो, कारण पुष्कळ चांगल्या माद्या ‘गाभण राहत नाही’ असा शिक्का बसून बाजूला पडतात आणि त्यातल्या काहींचं दुखणं नेमकं हेच असतं.

पहिली फेरी अगदी शहाण्यासारखी सुरू झाली. नवव्या दिवशी योनीतल्या पेशींच्या स्लाइडवर सत्तर टक्के पेशी कॉर्निफाइड, म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे चपट्या, कडक झालेल्या. अकराव्या दिवशी नव्वदच्या वर, स्राव लालचा फिकट गुलाबी, योनीद्वाराची सूज मऊ पडलेली, आणि कमरेवर हात ठेवताच शेपूट एका बाजूला. डिचोलीचा नर ठरलेला होता. हाताशी फक्त लक्षणं असती तर त्याच संध्याकाळी मेटिंग झालं असतं. पण त्या दिवशीचं प्रोजेस्टेरॉन होतं ०.७.

तेराव्या दिवसाचं सीरम चवथीत लॅब बंद म्हणून फ्रीझरमध्ये ठेवलं आणि पंधराव्या दिवसाच्या नमुन्यासोबत दिलं. आकडे ०.८ आणि ०.७. स्लाइड मात्र पंच्याण्णव टक्क्यांवर. सतराव्या दिवशी स्लाइड एकदम पालटली: पॅराबेसल (लहान, गोल) पेशी परतल्या, न्यूट्रोफिल (पांढऱ्या रक्तपेशी) दिसू लागले, कॉर्निफाइड चाळीस टक्क्यांवर. नुसती ही स्लाइड पाहिली असती तर कोणीही ‘डी-वन’, म्हणजे डायइस्ट्रसचा (माज सरल्यानंतरच्या टप्प्याचा) पहिला दिवस, असंच लिहिलं असतं. प्रोजेस्टेरॉन ०.६. खऱ्या डी-वनला ते केव्हाच दहाच्या पुढे गेलेलं असतं.

याला स्प्लिट हीट म्हणतात. फॉलिकल (बीज वाढवणाऱ्या पिशव्या) वाढतात, इस्ट्रोजेन चढतं, पण एलएचची (बीज सोडायला लावणाऱ्या हार्मोनची) लाट येत नाही आणि फॉलिकल विरून जातात. तरुण माद्यांत हे जास्त दिसतं. मिरी २६ महिन्यांची, तिसरी हीट. खरी हीट बहुधा दोन ते दहा आठवड्यांत येते आणि तिच्यात ओव्हुलेशन व्यवस्थित होतं, त्यामुळे घाबरून हार्मोनची इंजेक्शनं देऊ नका. सूज, रंग, शेपूट, स्लाइड, या सगळ्यांवर मुख्य छाप इस्ट्रोजेनची असते. बीज सुटलं का, हे त्यातलं एकही ठामपणे सांगत नाही. स्रावाचा विद्युतरोध मोजणारी आणि लाळेतली नक्षी दाखवणारी यंत्रं याच पंक्तीतली. त्यावरचे पैसे दोन जादा रक्ततपासण्यांवर घालवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सतराव्या दिवसानंतर तेवीस दिवसांनी पुन्हा रक्त दिसलं. इथे एक इशारा. गोव्यात मोकळ्या कुत्र्यांशी संपर्क टळत नाही, म्हणून अवेळी रक्त दिसलं की टीव्हीटीची (मेटिंगमधून पसरणाऱ्या कर्करोगाची) गाठ नाही ना, हे आधी पाहायचं. स्लाइडवर गोल पेशी आणि त्यांच्यात स्वच्छ पारदर्शक पोकळ्या दिसल्या तर मेटिंगचा विचार सोडून थेट डॉक्टर. मिरीच्या स्लाइडवर तसं काही नव्हतं. मिरी आणि नर, दोघांची ब्रुसेलाची (मेटिंगमधून पसरणाऱ्या, गर्भपात घडवणाऱ्या जंतूची) तपासणीही नव्याने करून घेतली, कारण जुनी तीन महिन्यांपूर्वीची होती.

दुसऱ्या फेरीचे आकडे, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये: पाचवा दिवस ०.६, आठवा १.३, दहावा २.६, बारावा ६.१, चौदावा १४.८. दोनच्या पुढची चढण म्हणजे एलएच आलं. त्यानंतर साधारण दोन दिवसांनी ओव्हुलेशन, तेव्हा आकडा चार ते आठच्या दरम्यान असतो. कुत्रीचं बीज कच्चंच सुटतं, पिकायला आणखी दोन-तीन दिवस घेतं. म्हणून ६.१ दिसल्याबरोबर गाडी काढायची नाही, दोन दिवस थांबायचं. ताजं वीर्य मादीत पाच-सात दिवस तग धरतं, त्यामुळे नैसर्गिक मेटिंगला थोडी सवड मिळते. फ्रोझन (गोठवलेलं) वीर्य वापरणाऱ्यांना ती नाही.

रक्ताच्या नमुन्यात तीन ठिकाणी पाणी मुरतं. पहिलं म्हणजे जेलची ट्यूब. काही जेल प्रोजेस्टेरॉन शोषून घेतात आणि आकडा खाली येतो. एका लॅबने सांगूनही जेलचीच ट्यूब वापरली, तो नमुना फेकून दिला. साधी लाल टोपीची ट्यूब मागून घ्या. दुसरं, घाईने बर्फात ठेवणं. रक्त आधी खोलीच्या तापमानाला अर्धा-पाऊण तास गोठू द्यायचं, फिरवून सीरम वेगळ्या कुपीत काढायचं, आणि मगच थंड करायचं. तिसरं एककाचं. काही रिपोर्ट नॅनोमोलमध्ये येतात, त्यांना ३.१८ ने भागायचं. आमचा २.६ तिथे ८.३ दिसला असता आणि ओव्हुलेशन झालं असं समजून नर दोन दिवस आधीच बोलावला गेला असता. शिवाय मशीन बदललं की आकडाही बदलतो. एका हीटला एकच लॅब.

दमट हवेत स्लाइड बिघडते, या आधीच्या तक्रारीवर अखेर उपाय सापडला. मागच्या नोंदीतल्या फोटोत लाल पेशींवर चकाकणारी भोकं होती आणि केंद्रकं धूसर. दोष स्टेनचा (रंगाचा) नव्हता, पेशी काचेवर पक्क्या (फिक्स) करणाऱ्या मेथॅनॉलचा होता. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या पावसात उघडी बरणी दोन दिवसांत बिघडते. आता ते लहान घट्ट बाटल्यांत ठेवतो, दर वेळी ताजं ओततो आणि उरलेलं परत बाटलीत घालत नाही. स्लाइड आधी ड्रायरच्या कोमट वाऱ्यावर पूर्ण सुकवतो, मग दोन मिनिटं फिक्स, मग दोन्ही स्टेनमध्ये सात-सात बुडक्या. लीशमन स्टेन स्वस्त आहे, रंगही सुंदर येतो, पण घाईच्या सकाळी तीन बरण्यांचं झटपट किटच बरं.

स्वॅब सलाईनने भिजवा, जेली लावू नका, ती जांभळे डाग सोडते. योनीद्वाराच्या वरच्या कोपऱ्यातून आधी वर, पाठीच्या कण्याच्या दिशेने, मग पुढे. खालच्या खळग्यात स्वॅब टेकला तर तिथल्या पेशी बाराही महिने कॉर्निफाइड असतात आणि स्लाइड खोटं बोलते. काचेवर गोल फिरवत टेकवा, घासू नका.

अठराव्या दिवशी डी-वन आला, या वेळी खराखुरा. आता पिल्लं होण्याच्या तारखेचा हिशोब बघा, दिवसांत: एलएचपासून ६५, ओव्हुलेशनपासून ६३, डी-वनपासून ५७. तिन्ही वाटा दुसऱ्या फेरीच्या पंचाहत्तराव्या दिवशी येऊन मिळतात. इतकं नेमकं जुळलेलं पाहून खरंच समाधान वाटलं.

बेत होता सीरमच्या उरलेल्या कुप्या टाकून देण्याचा. पण लिहिता लिहिता सुचलं, चवथीचं सीरम फ्रीझरमध्ये टिकलं तर बाकीचीही टिकतील. दोन्ही फेऱ्यांच्या कुप्या एकाच दिवशी, एकाच मशीनवर पुन्हा चालवायच्या. पहिल्या फेरीतला ०.८ हा खरा चढ होता की मशीनचा चढउतार, ते कळेल. पिल्लं झाली तरी न झाली तरी पुढचं मेटिंग वर्षभर नाही. श्वानप्रजननाच्या २०१७ च्या नियमांत वर्षातून एकच वेत आहे आणि तिच्या अंगालाही तेच मानवतं.

सोनोग्राफी दुसऱ्या फेरीच्या चाळिसाव्या दिवशी. पिल्लं मोजायचा एक्स-रे सदुसष्टाव्या दिवसानंतर. तोवर शेजारचे दोन नर कुंपणाशी अजून घुटमळताहेत. मादीला एका वेतात दोन बापांचीही पिल्लं राहू शकतात, म्हणून स्लाइड स्वच्छ झाली तरी आणखी आठवडाभर मिरी पट्ट्याशिवाय बाहेर पडणार नाही.